लॉगर घ्याल तेव्हा त्याची फाइल वाचायलाही शिका

गेल्या अंकात ग्लायडरच्या कॉकपिटमधल्या उपकरणांबद्दल लिहिताना फ्लाइट लॉगरचा, म्हणजे उड्डाणातली वेळ, जागा आणि उंची नोंदवणाऱ्या उपकरणाचा, विषय एका परिच्छेदात आटोपला होता. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं नेमकी त्याच विषयावर आहेत. मी क्लबची उपकरणं सांभाळते आणि बॅजसाठी (ठरलेलं अंतर, वेळ आणि उंची गाठल्यावर मिळणाऱ्या मानासाठी) आलेल्या लॉगरच्या फाइली ऑफिशियल ऑब्झर्व्हर, म्हणजे अधिकृत साक्षीदार, म्हणून तपासते, त्यामुळे या प्रश्नांना जरा ऐसपैस उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, माझं सोलो (एकट्याने केलेलं पहिलं उड्डाण) झालंय आणि आता सिल्व्हर बॅजची तयारी चालू आहे. फोनवर एक्ससीसोअर हे ग्लायडिंगचं अ‍ॅप आहे, त्यात आयजीसी फाइल आपोआप तयार होते. मग वेगळा लॉगर कशाला विकत घ्यायचा?

आयजीसी हा फाइलचा साचा आहे, आणि त्या साच्यात फाइल कोणतंही अ‍ॅप तयार करू शकतं. तेवढ्यावरून ते उपकरण मान्यताप्राप्त ठरत नाही. मान्यता देते ती आंतरराष्ट्रीय ग्लायडिंग आयोगाची समिती. एखादा लॉगर हाती घेऊन ती त्याचा दाबमापक सेन्सर, फाइलची सुरक्षितता आणि डबा उघडल्यावर काय होतं हे सगळं तपासते. मान्यतेच्याही पायऱ्या आहेत. काही लॉगर विश्वविक्रमापर्यंत सगळ्या उड्डाणांना चालतात, तर काही फक्त डायमंडपर्यंतच्या बॅजला. याखेरीज ‘पोझिशन रेकॉर्डर’ नावाचा हलका प्रकार आहे. त्याला त्या त्या देशाची एरो-स्पोर्ट संघटना परवानगी देते आणि तो फक्त सिल्व्हर आणि गोल्डपुरता चालतो.

त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला पुढे काय करायचं आहे यावर ठरेल. सिल्व्हरसाठी ५० किलोमीटर अंतर, ५ तासांचं उड्डाण आणि १,००० मीटर उंचीची कमाई (आधीच्या खालच्या बिंदूपासून वर चढलेली उंची) लागते. गोल्डला ३०० किलोमीटर आणि ३,००० मीटर. डायमंडचे तीन भाग: आधी जाहीर केलेलं ३०० किलोमीटरचं लक्ष्य, ५०० किलोमीटर अंतर आणि ५,००० मीटरची कमाई. सिल्व्हर झालं की गोल्डची ओढ लागतेच, आणि गोल्डचे ३०० किलोमीटर नीट आखून, आधी जाहीर करून उडालं तर त्याच उड्डाणात डायमंडचा एक भाग पदरात पडू शकतो. अशा दिवशी खिशात फक्त फोन असला तर काय वाटेल, याचा विचार कर. माझं मत ठाम आहे: पैसे एकदाच खर्च करायचे तर सगळ्या बॅजना चालणारा मान्यताप्राप्त लॉगरच घ्यावा. तोवर क्लबचा लॉगर मागून ने आणि फोनवरचं अ‍ॅपही चालू ठेव. नकाशा, वारा आणि अंतिम ग्लाइडचं (उतरायच्या जागेपर्यंत उंची पुरेल का याचं) गणित यांसाठी ते फार उपयोगी आहे.

प्रश्न : स्वतंत्र लॉगर, पॅनलमध्ये बसवलेला नेव्हिगेशन संच की फ्लार्ममधला लॉगर, यांतलं काय निवडावं? जुना घेतला तर चालेल का?

वेगवेगळ्या ग्लायडरमधून उडत असाल तर एलएक्सनॅवच्या नॅनोसारखा छोटा, स्वतःची बॅटरी आणि स्वतःचा अँटेना असलेला लॉगर सगळ्यांत सोयीचा. कॅनोपीखाली, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणाखाली, ठेवला, चालू केला की झालं. एकच ग्लायडर कायम तुमच्याकडे असेल तर पॅनलमधला संच बरा, कारण टास्क, म्हणजे उड्डाणाचा आखलेला मार्ग, त्याच पडद्यावर भरता येतो आणि ग्लायडरच्या मुख्य बॅटरीवर तो दिवसभर चालतो. फ्लार्म हे टक्कर टाळण्याचं उपकरण आहे आणि ते त्यासाठीच घ्यावं. त्याच्या काही संचांत मान्यताप्राप्त लॉगर असतो, काहींत नसतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका. फ्लार्मचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) दर वर्षी अद्ययावत करावं लागतं, हेही हिशोबात धरा.

जुना लॉगर जरूर घ्या, पण नुसता डबा आणि चालू पडदा बघून घेऊ नका. बहुतेक लॉगरमध्ये आत एक सूक्ष्म स्विच असतो. डबा उघडला की तो सुटतो आणि फाइलवर सही करणारी गुप्त किल्ली पुसली जाते. काही जुन्या लॉगरमध्ये तीच किल्ली एका छोट्या आतल्या बॅटरीच्या जोरावर टिकून असते, ती बॅटरी संपली तरी किल्ली जाते. लॉगर पुढेही चालतो, रेषा काढतो, उंची दाखवतो, फक्त त्याच्या फाइलला पुरावा म्हणून किंमत उरत नाही. म्हणून विक्रेत्याकडून या महिन्यात झालेल्या एका उड्डाणाची फाइल मागा आणि ती पडताळणीच्या प्रोग्रॅममधून काढा. ती उत्तीर्ण झाली, तरच पुढची बोलणी करा. त्यानंतर तीन गोष्टी विचारा: शेवटचं कॅलिब्रेशन (दाबमापकाची प्रमाण मापकाशी तुलना) केव्हा झालं, आतली बॅटरी केव्हा बदलली, आणि उत्पादक आजही हा लॉगर दुरुस्त करून पुन्हा सील करून देतो का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर मी तरी तो लॉगर घेणार नाही.

प्रश्न : माझ्या फाइलमध्ये जीपीएसची उंची आणि दाबावरची उंची यांत दीडशे मीटरपेक्षा जास्त फरक येतो. लॉगर बिघडला आहे का?

बहुधा नाही. या दोन उंची वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. लॉगरमधला दाबमापक १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब शून्य मीटर धरून चालतो. त्या दिवशीचा खरा दाब वेगळा असला तर जमिनीजवळ प्रत्येक हेक्टोपास्कलमागे साधारण ८ मीटरचा फरक पडतो. हवा प्रमाण वातावरणापेक्षा उबदार असेल तर ती प्रसरण पावते आणि दाबावरची उंची खऱ्या उंचीपेक्षा कमी दिसते. दर १० अंशांमागे हा फरक सुमारे ४ टक्के, म्हणजे २,५०० मीटरवर शंभरेक मीटर. त्यातच जीपीएस जी उंची देतं ती एका गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. त्या लंबगोलात आणि समुद्रसपाटीत जगभरात कुठे उणे शंभरेक, तर कुठे अधिक ऐंशीएक मीटर इतकी तफावत आहे. या सगळ्याची बेरीज दीडशेच्या वर सहज जाते.

काळजी करायची ती वेगळ्या खुणेची. दोन्ही उंचीच्या रेषा एकाखाली एक ठेवून बघा. अंतर जवळपास कायम असेल, किंवा उंचीबरोबर हळूहळू वाढत असेल, तर सारं ठीक आहे. दाबाची रेषा मध्येच पायरीसारखी खाली पडत असेल, किंवा वेग वाढवला की वरखाली होत असेल, तर बघायला हवं. स्वतंत्र लॉगर कॉकपिटमधला दाब मोजतो, आणि हवेची झडप उघडली किंवा वेग बदलला की तो दाब थोडा बदलतो. लॉगर झडपेच्या झोतात ठेवला असेल तर आधी तिथून हलवा. पॅनलमधल्या संचाला स्टॅटिकची (बाहेरच्या हवेचा दाब आणणारी) नळी जोडलेली असेल तर तिच्यात पाणी शिरलंय का, नळी कुठे दबली आहे का, हे बघा.

याच अंगाने कॅलिब्रेशनचं सांगते, कारण तीन पत्रांत तोच प्रश्न आहे. उंचीच्या दाव्यासाठी लॉगरचं कॅलिब्रेशन उड्डाणाआधीच्या पाच वर्षांत झालेलं लागतं, किंवा उड्डाणानंतर दोन महिन्यांच्या आत करून घ्यावं लागतं. लॉगर निर्वात पेटीत ठेवतात, दाब पायरी पायरीने उतरवतात, प्रत्येक पायरीवर थांबतात आणि लॉगरचा आकडा प्रमाण मापकाशी ताडून तक्ता करतात. त्यासाठी नोंदीचं अंतर एक सेकंदावर आणून ठेवा. तक्त्याबरोबर त्या वेळची फाइलही जपून ठेवायची असते. ५,५०० मीटरच्या आसपास एका हेक्टोपास्कलला सुमारे १५ मीटर पडतात, म्हणजे सेन्सर दोन हेक्टोपास्कलने सरकला तर ३० मीटरचा प्रश्न आला. ५,०२० मीटरची कमाई घेऊन खाली उतरलेल्या माणसासाठी एवढ्यात डायमंड मिळतो किंवा जातो.

प्रश्न : थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या उबदार हवेत) डावीकडे वळताना माझी रेषा तुटते, उजवीकडे वळताना तुटत नाही. सॉफ्टवेअरचा दोष असेल का?

फाइल उघडा आणि जिथे रेषा तुटते तिथल्या बी-नोंदी वाचा. बी-नोंद म्हणजे एका क्षणाची एक ओळ. आधी सहा आकड्यांत यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, उदाहरणार्थ ०९१५४२ म्हणजे ९ वाजून १५ मिनिटं ४२ सेकंद. मग अक्षांश, मग रेखांश, दोन्हीत मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे अक्षांशात दोन मीटरच्याही आत. त्यानंतर एक अक्षर, ‘ए’ किंवा ‘व्ही’. मग पाच आकड्यांत दाबावरची उंची आणि पाच आकड्यांत जीपीएसची. ते मधलं अक्षर तुमच्या कामाचं आहे. ‘ए’ म्हणजे त्रिमितीय स्थान पक्कं मिळालं. ‘व्ही’ म्हणजे उपग्रह पुरेसे दिसले नाहीत. तुमच्या ओळींत प्रत्येक डाव्या वळणात ‘व्ही’ उगवत असेल तर सॉफ्टवेअर निर्दोष आहे, अँटेनाला आकाश दिसत नाही.

कार्बन फायबरमधून जीपीएसचा सिग्नल जात नाही. पॅनलच्या कार्बनच्या झाकणाखाली, नाकातल्या कार्बनच्या पोटात किंवा धातूच्या चौकटीला चिकटून अँटेना असला की सरळ उडताना तो कसाबसा तग धरतो, आणि ग्लायडर ४० अंश कलला की अर्धं आकाश झाकलं जातं. अँटेना पॅनलच्या झाकणावर, कॅनोपीखाली, चपटी बाजू वर करून ठेवा. रेडिओची तार आणि फोन यांपासून जरा लांब ठेवा. चुंबकाने चिकटणारा अँटेना असेल तर होकायंत्रापासून बराच दूर. मग तार बघा. कनेक्टरच्या अगदी मुळाशी तार काटकोनात वाकलेली असते तिथे आतली तार तुटते आणि वरचं आवरण शाबूत दिसतं. लॉगर चालू ठेवून जमिनीवर तो भाग बोटांनी हलकेच हलवा आणि पडद्यावर उपग्रहांचा आकडा पडतोय का बघा. पडला तर तार बदला. सोल्डर करून किंवा टेप गुंडाळून ती वापरत राहू नका.

प्रश्न : ३०० किलोमीटरचं उड्डाण पूर्ण केलं, पण फाइल पडताळणीत नापास झाली. मी काहीही बदललं नाही, फक्त वैमानिकाच्या जागी आधीच्या माणसाचं नाव होतं ते संगणकावर दुरुस्त केलं. यावर काही उपाय आहे का?

तुमचं पत्र वाचून खरंच हळहळ वाटली. उड्डाण तुम्ही केलंत यात मला शंका नाही. पण फाइलच्या शेवटी ज्या जी-नोंदी असतात, त्या म्हणजे लखोट्यावरचं लाखेचं सील. वरच्या मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी ते तुटतं. मजकूर न बदलताही, नुसती फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ‘सेव्ह’ केली आणि एडिटरने ओळींच्या शेवटच्या अदृश्य खुणा बदलल्या, तरी पडताळणी नापास होऊ शकते.

आज करता येण्यासारखं एकच आहे: लॉगरमध्ये ते उड्डाण अजून आहे का बघा. लॉगर ठरावीक तासांचीच उड्डाणं साठवतो, आणि जागा संपली की सर्वांत जुनं उड्डाण पुसून नवं लिहितो. म्हणून तो आता चालूच करू नका. तसाच तुमच्या ऑब्झर्व्हरकडे न्या आणि त्यांच्यासमोर मूळ फाइल पुन्हा उतरवून घ्या. तिच्यात नाव चुकीचंच असेल, पण सील शाबूत असेल. त्या दिवशी ग्लायडरमध्ये कोण बसलं होतं हे ऑब्झर्व्हरच्या आणि क्लबच्या नोंदवहीतून सिद्ध होतं का, यावर पुढचं ठरेल. जाहीर केलेल्या लक्ष्याचा दावा असेल तर तो बहुधा टिकणार नाही, कारण तिथे वैमानिकाचं नाव जाहीरनाम्याचाच, म्हणजे उड्डाणाआधी लॉगरमध्ये भरलेल्या माहितीचाच, भाग असतं.

आता सगळ्यांसाठी. क्लबचा लॉगर हातात आला की आधी नाव, ग्लायडरचा प्रकार, नोंदणी क्रमांक आणि टास्क भरा, मगच ग्लायडरकडे चाला. उड्डाणापूर्वी शेवटी भरलेला जाहीरनामा ग्राह्य धरतात. आदल्या वैमानिकाचा टास्क आत तसाच राहिला तर कागदोपत्री तुम्ही त्याच्या वाटेने निघालेले असता. टेक-ऑफच्या निदान पाच मिनिटं आधी लॉगर चालू करा आणि उतरल्यावरही काही मिनिटं चालूच राहू द्या, म्हणजे जमिनीवरच्या दाबाची सरळ रेषा दोन्ही टोकांना मिळते. फाइल उतरवली की मूळ प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तिला हात लावू नका. बघायचं, रंगवायचं, मित्रांना पाठवायचं ते सगळं दुसऱ्या प्रतीवर. मेलने पाठवताना झिप करून पाठवा.

प्रश्न : नोंदीचं अंतर किती सेकंद ठेवावं?

४ सेकंद ठेवा. टर्न पॉइंटभोवती, म्हणजे मार्गातल्या वळणाच्या ठिकाणाभोवती, ५०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ असतं. तुम्ही केंद्रापासून ४६० मीटरवरून गेलात तर वर्तुळाच्या आतला तुमचा प्रवास ४०० मीटरही भरत नाही. ताशी १८० किलोमीटर वेगात तो आठ सेकंदांत संपतो. १० सेकंदांच्या अंतराने त्यात एकही नोंद न पडण्याची शक्यता आहे, आणि मग वादाला जागा राहते. ४ सेकंदांत निदान एक नोंद तरी हमखास आत पडते. शिकण्यासाठी थर्मलमधली वर्तुळं नीट बघायची असतील तर एक सेकंद ठेवा. पाच तासांच्या उड्डाणाला १८,००० नोंदी होतात, पण फाइल एक मेगाबाइटच्या आतबाहेरच राहते. आधी आपल्या लॉगरची साठवण किती आहे तेवढं बघा.

प्रश्न : क्लबचा जुना लॉगर अचानक वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. वेळ आणि ठिकाण मात्र बरोबर येतं.

जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १,०२४ पर्यंतच जाते, मग पुन्हा शून्यापासून सुरू होते. १,०२४ आठवडे म्हणजे ७,१६८ दिवस, साडेएकोणीस वर्षांहून थोडं जास्त. ही मोजणी १९८० च्या जानेवारीत सुरू झाली, ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा आणि एप्रिल २०१९ मध्ये दुसऱ्यांदा शून्यावर आली. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ मध्ये. उत्पादकांनी आपापल्या फर्मवेअरमध्ये हा टप्पा पुढे ढकललेला असतो, म्हणून प्रत्येक लॉगर आपापल्या दिवशी अडखळतो. तुमच्या फाइलमधल्या तारखेत ७,१६८ दिवस मिळवून बघा, खरी तारीख येईल. उत्पादकाकडे नवं फर्मवेअर असेल तर ते घाला, पण ती आवृत्ती मान्यतेच्या यादीत आहे याची खात्री करूनच. नसेल तर लॉगर सरावासाठी ठेवा. फाइलमधली तारीख हाताने बदलण्याचा मोह टाळा, कारण वर सांगितलं तेच होईल.

प्रश्न : हंगाम संपल्यावर लॉगर आणि बॅटरी कशी ठेवावी? आमच्याकडे दर हंगामाला एक तरी बॅटरी जाते.

कशी जाते हे कळायला बॅटरीचा प्रकार बघावा लागेल. १२ व्होल्टची बंद लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की मरते. ती पूर्ण भरून ठेवा आणि अधूनमधून पुन्हा भरा. स्वस्थ असताना १२.७ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे. मात्र नुसत्या व्होल्टवरून तिची तब्येत कळत नाही. लॉगर, रेडिओ, व्हेरिओ (चढ-उताराचा वेग दाखवणारं उपकरण) इतका भार लावून ती किती तास तग धरते हे हंगामाच्या सुरुवातीला एकदा जमिनीवर मोजा. पाच तासांच्या उड्डाणाला निघून चौथ्या तासाला लॉगर बंद पडला तर ते पाच तास सिद्ध कसे करणार? लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची गोष्ट उलटी आहे. तिचा व्होल्ट शेवटपर्यंत जवळपास स्थिर राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे पॅनलवरचा आकडा बघून निर्धास्त राहणं धोक्याचं. तिचा चार्जर वेगळा असतो, तोच वापरा. कोणतीही बॅटरी असो, फ्यूज तिच्या अगदी जवळ हवा, पॅनलमागे नव्हे.

ज्या लॉगरमध्ये स्वतःची लिथियम बॅटरी असते तो अर्धाअधिक चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवा. उन्हात बंद कॅनोपीखाली कधीच ठेवू नका. तिथे बॅटरी फुगते, पडदा काळवंडतो, आणि कॅनोपीची वक्रता ऊन एका ठिपक्यावर एकवटून प्लास्टिक जाळू शकते. ग्लायडर लाइनवर उभा असेल तर कॅनोपीवर पांढरं कापड घाला. पॅनलमधल्या जुन्या लॉगरला दर काही आठवड्यांनी तासभर आकाश दाखवत चालू ठेवा, म्हणजे आतली छोटी बॅटरी भरते आणि उपग्रहांची यादीही ताजी राहते.

प्रश्न : मोटरग्लायडरसाठी वेगळं काही लागतं का?

हो. इंजिन केव्हा चाललं आणि केव्हा नाही हे फाइलमधून दिसायला हवं. त्यासाठी प्रत्येक नोंदीबरोबर आवाजाचा आकडा लिहिला जातो, ००० ते ९९९. शांत थर्मलमध्ये तो अगदी खाली असतो, इंजिन जोरात चालू असताना वर चढतो. विजेची मोटर किंवा छोटं जेट यांचा आवाज हा सेन्सर नीट पकडत नाही, त्यांच्यासाठी प्रोपल्शनचा वेगळा सेन्सर लागतो. लॉगर घेण्याआधी आपल्या इंजिनाच्या प्रकाराला त्याची मान्यता आहे का, हे तपासा. बसवताना त्याला फोममध्ये गुंडाळू नका किंवा सीटमागच्या खणात कोंबू नका, आवाज पोहोचला पाहिजे. बाजूची खिडकी उघडी ठेवून वेगात उडालात तर वाऱ्याचाच आवाज इतका होतो की इंजिन चालू होतं की काय अशी शंका येते. मी फाइल तपासताना अशी जागा दिसली की वैमानिकाला फोन करून विचारते. म्हणून खिडकी केव्हा उघडली हे उतरल्यावर लगेच लिहून ठेवा.